तांड्याचा मध्य

"तुमचा तांडा काय रस्त्यानं चालून राह्यला का बे?" पंचायतीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पवननं स्क्रीन बादलकडे फिरवली अन् खुदकन हसला. "पाय ना, कोल्हापूरले पोचला."

बादलचं डोकं सणकलं. समोर नकाशा होता. तांड्याच्या जागी, किन्हीराजाजवळ, सात ठिपके, बाकी सगळे खाली कोल्हापूरच्या अंगाला, उसात.

नळयोजनेसाठी तांड्यातल्या घराघराचं ठिकाण टिपायचं काम बादलकडे होतं. दहावीत शाळा सोडलेलं पोरगं, पण फोनमधलं तांड्यात त्यालाच कळायचं. ठिकाण टिपायचं बटण मात्र घरमालकानंच आपल्या फोनवरून दाबायचं, असा नियम कोण्या शहाण्यानं काढलेला. आता ऊसतोडीच्या भर हंगामात घरमालक घरी असतो का? बादलनं एकेकाला फोन लावून समजावलं. कोणी उसाच्या फडातून दाबलं, कोणी तिथल्या पाचटाच्या कोपीतून, कोणी ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या. माणूस जिथं होता तिथंच त्याचं घर टिपलं गेलं.

"हे लाल फुली कायची?"

"हा तुमच्या तांड्याचा मध्य. सगळ्या ठिपक्याईची सरासरी," पवन म्हणाला. फुली दोन्हीच्या अधेमधे, विट्याजवळच्या एका माळावर पडली होती. तिथं तांड्यातलं कोणीच राहत नव्हतं. "अन् मध्यापासून ठिपके किती पांगले, ते ह्या आकड्यात येते. दोन किलोमीटरच्या आत पायजे. तुमचा पावणेदोनशे."

"मंग?"

"मंग काय, दूरचे ठिपके काढून टाकतो. सात घरं राह्यतात. सात नळ मंजूर. ते पक्कं कराले तुया फोनवर ओटीपी येईन, तो सांग. आज शेवटचा दिवस हाय."

"अन् बाकीचे तीस घरं?"

"मशीनच्या लेखी ते नाईतच."

"नाईत कसे? घरं काय डोक्यावर घेऊन गेले ते? कुलपं लावून गेले. चाल, दाखवतो."

"मले कायले दाखवतं? मले माहीत हाय. मशीनले दिसत नाई."

त्या दूरच्या गर्दीत एक ठिपका बादलच्या बापाचा होता, सेवालालचा. पवनचा हात माउसवर होता, अन् बादलला तो हात पिरगाळावासा वाटत होता.

फोनवर ओटीपी आला. त्यानं तो वाचला, अन् गोमतीकाकीला फोन लावला. म्हातारी एकटी, सात घरांतली. भरलेला हंडा आता तिच्याच्यानं उचलवत नव्हता.

"काकी, तुह्या अंगणात नळ येते. सातच घराईले येते पन. जे उसाले गेले त्याईले नाई."

"काहून?"

"मशीन मनते त्याईचे घरं अठी नाईत."

काकी म्हणाली, "शिमग्याले सगळे वापस येतीन. लेकरं माह्याच अंगणात पानी प्यायले येतीन. त्याईले काय सांगू, तुमचं घर मोडलं मनून? राहू दे, बादल्या."

"तुले पानी कोन आनून देईन मंग?"

"तू हाय ना."

फोन ठेवून बादल उभा राहिला.

"सांग ओटीपी," पवन म्हणाला.

"नाई सांगत. एकबी ठिपका काढू नको. पावणेदोनशे तं पावणेदोनशे, जसं हाय तसं पाठव."

"वापस येईन ते, सात नळबी जातीन. साहेब मले झापतीन, तुले नाई."

"येऊ दे वापस."

"अबे बस तं जरा. चहा सांगतो, ठंड्या डोक्यानं इचार कर."

"बसत नाई. चारले टँकर येते, काकीचे हंडे भरा लागतात. निंगतो मी."