‘जुनं’ नावाचा थर

मित्रांनो, मी एक जुना थर आहे. भिंतीवरच्या रंगाचा नव्हे, मोबाईलमधल्या नकाशाचा. नकाशा तुम्हाला एकसंध दिसतो, पण ती आम्हा थरांची चळत असते. तळाला जमीन, तिच्यावर रस्ते, मग इमारती आणि त्यांच्यावर नावं. जो शेवटी येतो तो वर बसतो आणि खालच्यांना झाकतो. आमच्यातल्या कुणालाही दाखवता येतं, लपवता येतं. लपवलेला थर पुसला जात नाही, नुसता पडून राहतो. मला विचारा.

उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या कचेरीत रुग्णवाहिकांचं ॲप चालतं. तिथल्या संघपालनं मला घडवलं. उन्हातान्हात स्कूटरवर फिरून तो लोकांना विचारायचा, "या कोपऱ्याला तुम्ही काय म्हणता?" बजाजनगरात एका चौकातला वजनकाटा कधीच उचलून नेला, पण लोक त्या चौकाला अजून ‘काटा’च म्हणतात. अशी दोनशे नावं त्यानं माझ्यावर मांडली. जुनी नावं म्हणून घाईघाईत मला नाव दिलं ‘जुनं’. तिथंच माझं नशीब फिरलं.

सुरुवातीला चालक माझं फार कौतुक करायचे. मग अमृता नोकरीला आली. मोठी हुशार, कामाला वाघ. ‘जुनं’ वाचून तिला वाटलं, कुणाची तरी टाकून दिलेली जुनी प्रत असणार. तिनं मला लपवलं आणि वर वस्त्यांचा एक भडक रंगीत थर पसरला. जुन्या चालकांना नावं पाठच झाली होती, म्हणून वर्षभर मला कुणी हाक मारली नाही. नुसतं पडून राहूनही थकायला होतं, मित्रांनो.

एका दुपारी बजाजनगरातल्या मल्हारीनं साध्या फोनवरून कचेरीत फोन केला. त्याच्या आईला, सुगंधाबाईंना, श्वास घेता येईना. "बजाजनगरात काट्यापाशी या! लवकर या साहेब, माय निळी पडली!" एवढं बोलून फोन तुटला, तो परत लागेना. गाडीवरचा चालक सोमनाथ सोयगावचा, इथं नवा, त्याला कुठला काटा ठाऊक? गोल गोल फिरून त्यानं अमृताला फोन केला. "मॅडम, इथं काटाच नाय! नकाशात बी काई दिसत नाय!"

शेजारच्या टेबलावरून संघपाल उठला. "‘जुनं’ चालू कर."

"ती जुनी प्रत आहे ना?"

"प्रत नाय गं, जुनी नावं हायेत ती!"

तिनं मला चालू केलं, तरी पडदा तसाच. मी होतो हो, पण त्या रंगाच्या खाली!

"वर घे त्याला, सगळ्यांच्या वर!" संघपाल ओरडला.

तिनं मला वर घेतलं आणि ‘काटा’ दिसला. सोमनाथपासून अवघ्या दोन गल्ल्या पलीकडे.

सुगंधाबाई वाचल्या. मग अमृतानं माझं नाव बदललं, ‘लोक म्हणतात ती नावं’.

नकाशे बनवणाऱ्या मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. थराला नाव नीट द्या, त्याची जागा बघून ठेवा आणि लपवण्याआधी तो कुणाच्या कामाचा आहे, ते विचारा. फार दमलोय मी, पण बंद नका करू.

आठ दिवसांनी सोमनाथच सुगंधाबाईंना घरी सोडायला निघाला. "कुठं सोडू, आजी?"

"काट्यापाशी."

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी बरोबर वळवली.