निळी की लाल

महिनाभर घरात एकच विषय होता, निळी की लाल. दासगावच्या खाडीत एकाने दोन वापरलेल्या स्पीडबोटी विकायला काढल्या होत्या. जुळ्या बहिणी म्हणाव्यात अशा. इंजिन सारखं, किंमत सारखी, माणसं बसायचीही सारखीच. निळीवर छप्पर होतं, लाल बोटीला मागे शिडी, एवढाच काय तो फरक. माझा मुलगा विनीत महाडला कारखान्यात होता, पण पर्यटकांना खाडीत फिरवायला बोट घ्यायची त्याच्या मनात होती. सुट्टी मिळाली की दोन्हींत बसून यायचा आणि जेवताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

"बोट घेतोस का नवरी बघतोस रे?" मी वैतागून विचारलं.

खरं तर वैताग बोटीचा नव्हताच. त्याला दुबईहून नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि त्याने अजून हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. विचारायची माझी छाती होत नव्हती. बोट घेणारा पोर दुबईला कशाला जाईल, अशी मनाची समजूत काढायची आणि अंगणात येरझारा घालायच्या, एवढंच चाललं होतं.

"तुमच्या पायाला भिंगरी लागलीय नि ह्याच्या डोक्याला," माझी बायको प्रयागबाई म्हणाली. "देवीला कौल लावा नि मोकळे व्हा."

आमच्या कापडे गावच्या देवळात गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "उजवी पडली तर निळी, डावी पडली तर लाल." हात जोडताना मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मनातल्या मनात मी माझंच गाऱ्हाणं घातलं. आई, पोर इथे राहणार असेल तर उजवी दे, जाणार असेल तर डावी. एका कौलाला एकच प्रश्न, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं.

पाकळ्या हलेनात. मी उजवीवरची नजर काढली नाही. मग डावी पडली.

"लाल!" विनीतने टाळी वाजवली. "मलापण तीच हवी होती."

"परत लाव," मी गुरवाला म्हणालो.

"देवीनं दिला कौल, रावजी. तेच परत नाय विचारायचं."

"परत लाव म्हणतो ना!" मी ओरडलोच. देवळात मी कधी आवाज चढवला नव्हता.

विनीतला हसू आलं. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "लाल एवढी का खुपते, बाबा? उद्या दासगावला चला, चालवायला शिकवतो. मी गेल्यावर तुमालाच फिरवायची हाय ती."