बोट कुणाचं?

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. कपडे वाळत घालायचा नव्हे, बोटाला लावायचा. माझ्या पोटात लाल दिवा आहे. बोट आत आले की रक्तात प्राणवायू किती आणि नाडीचे ठोके किती, हे मी मोजतो आणि आकडे फोनवाटे रुग्णालयात पाठवतो. कारखान्यात माझी कितीतरी वेळा परीक्षा झाली, पण बोलायला मला कुणी शिकवले नाही. त्याची खंत एका घरात मला फार जाळत राहिली.

ते घर एका शिंप्याचे होते. न्यूमोनियातून उठून काका घरी आले, तेव्हा औषधांच्या पिशवीतून मीही आलो. सकाळ, दुपार, संध्याकाळ मला बोटाला लावायचे, एवढेच त्यांचे काम. तिकडे रुग्णालयात एक सिस्टर पडद्यासमोर बसून चाळीस घरांचे आकडे पाहत असे. काकांचे बोट सुया टोचून टोचून राठ झालेले. चार दिवस मी चौऱ्याण्णव, पंच्याण्णव सांगितले. काका शिलाई मशीनवरची धूळसुद्धा पुसू लागले.

पाचव्या दिवशी सकाळी आकडा आला एक्याण्णव. लगेच सिस्टरचा फोन.

"काका, दम लागतोय का?"

"छे! बोट गार होतं."

"मग चोळून गरम करा आणि पुन्हा लावा. परत कमी आला तर गाडी पाठवते."

फोन ठेवताच काका काकूंना म्हणाले, "अगं, तुझं बोट दे."

"माझं? कशाला?"

"रुग्णालयात शेजारच्या खाटेवरचे मास्तर आठवतात? घरी गेले, परत आणले, आणि तिथेच संपले. मला नाही जायचं परत. दे बोट."

काकांच्या डोळ्यांतली भीती काकूंना पाहवेना. त्यांनी आपले बोट माझ्यात घातले. अठ्ठ्याण्णव! मी पाठवला. काय करणार? बोट वेगळे आहे हे मला कळत होते. पण मला येतात ते फक्त आकडे.

दोन दिवस हेच चालले. काका खोलीच्या मध्यावर थांबून टेबल धरत. काकू मला फडताळातून खिडकीत ठेवत, खिडकीतून टेबलावर, पुन्हा फडताळात. त्यांचे चित्त ठिकाणावर नव्हते आणि माझेही. माझा दिवा पेटे तेव्हा वाटे, एकदा तरी चुकीचा आकडा दाखवावा, म्हणजे कुणीतरी चौकशी करील. पण तेही मला जमत नाही.

सातव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"काका, तुमची नाडी कायम पंच्याण्णवच्या पुढे असायची. दोन दिवस झाले, बहात्तरच्या पुढे जात नाही. आणि प्राणवायू तर माझ्यापेक्षाही चांगला. बोट कुणाचं आहे?"

काकूंनी फोन ओढून घेतला. "माझं आहे हो. चुकलं माझं. त्यांना सलग दोन वाक्यंसुद्धा बोलवत नाहीत."

"रागावत नाही, काकू. आता त्यांना लावा. मी फोनवरच आहे."

काकांनी मूठ घट्ट मिटली होती. काकू एकेक बोट उलगडू लागल्या. "अहो, तुम्हाला काही झालं तर माझे हे अठ्ठ्याण्णव घेऊन मी काय करू?"

मूठ सैल झाली. ते राठ बोट माझ्यात आले. शहाऐंशी.

वीस मिनिटांत गाडी दारात होती. काकांच्या फुफ्फुसाभोवती पाणी साठले होते. आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होते, असे डॉक्टर म्हणाले. नऊ दिवसांनी काका घरी आले, थकलेले, पण पुरती वाक्ये बोलणारे. पुढे एकदा आकडा जरा उतरला, तेव्हा त्यांनी स्वतःहून फोन लावला. "सिस्टर, आज ब्याण्णवच आहे. बोट माझंच आहे बरं का!"

त्यानंतर मी कितीतरी घरे फिरलो. आता माझे रबर चिरले आहे, स्प्रिंग ढिली झाली आहे. तरी नव्या घरात पहिले बोट आत येईपर्यंत माझा जीव खालीवर होतोच. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी आला तर त्याला कोरडा ठेवा, त्याचे सेल वेळेवर बदला. आकडा कमी आला तर घाबरा, हवे तर रडा. पण बोट ज्याचे त्याचेच द्या.