हैदरभाईचं नाक

“गिअर टाकायची अक्कल न्हाय म्हणं मला,” दत्तोबा म्हणाला. “एकतीस वर्सं स्टेअरिंग धरलं, आन परवा कळलं की अक्कल न्हाय.”

त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. उजव्या हातानं तो बशीतला चहा ओढत होता आणि अर्धा चहा सदऱ्यावर सांडत होता. हैदरनं फडका पुढं केला. तेलाच्या दुकानातला फडका. त्यानं डाग पुसला गेला नाही, वाढला.

“युवराज असं म्हणाला?”

“तसंच. म्हणाला, उद्यापासनं येऊ नका. गिअर वढून वढून बॉक्स फोडला म्हणं मी.”

युवराजची टोचनची गाडी दत्तोबा चालवायचा. बंद पडलेले ट्रक, उलटलेल्या उसाच्या ट्रॉल्या ओढून आणायच्या, हे त्याचं काम. आठ दिवसांपूर्वी अंथुर्ण्याच्या चढावर भरलेला ट्रक ओढताना गिअर निसटला, आणि दोन्ही गाड्या मागं गडगडत ओढ्याच्या कठड्याला भिडल्या. माणसं वाचली. दत्तोबाचं मनगट मोडलं. गिअरबॉक्स फुटून सगळं तेल मातीत मुरलं.

“गाडी जुनी हाय, त्यातबी काय खोट असंल की,” हैदर चाचरत म्हणाला.

“काय असनार? मी त्याला म्हणलं, तेलाचा तर सवालच न्हाय. तेल हैदरभाईचं हाय.”

हैदरनं बशी उचलली आणि विसळायला आत नेली. विसळून झाल्यावरही तो बराच वेळ आतच राहिला.

इंदापुरात एसटी स्टँडच्या मागं हैदरचं दुकान. सोमेश्वरनगरपासून ड्रायव्हर चिंधीवर तेलाचा थेंब घेऊन यायचे. हैदर तो बोटांत चोळायचा, हुंगायचा आणि सांगायचा, पाणी शिरलंय, डिझेल मिसळतंय, क्लच जळतोय. इंजिनाला चाळीस नंबर, गिअरबॉक्सला नव्वद, मागच्या ॲक्सलच्या हौसिंगला एकशेचाळीस, हे डब्यावर वाचून कुणीही सांगेल. हैदर आधी विचारायचा, गाडी काय ओढते? “गाडी किती पळती त्यावर तेल ठरत न्हाय, काय वढती त्यावर ठरतं,” हे त्याचं वाक्य गॅरेजवाले पोरांना शिकवायचे.

दुकानात तीन ड्रम होते. तिन्ही हिरवे, एकावरही नंबर नाही. कुणी म्हटलंच की लिहून ठेवा, तर हैदर म्हणायचा, “बापाच्या कपाळावर बाप लिवतो का कोन?” आणि खरंच, झाकण उघडलं की त्याला कळायचं. हौसिंगच्या तेलाला गंधकाचा उग्र दर्प असतो, गिअरबॉक्सच्या तेलाला कमी.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचा वास गेला. लोकांचाही गेला होता. पंधरा दिवसांनी, महिन्यानं त्यांचा परत आला. हैदर वाट बघत राहिला. लाज वाटावी असं काही त्यात नव्हतं, पण गवयानं घसा बसल्याचं जेवढं लपवावं तेवढं त्यानं ते लपवलं. डावीकडं नव्वद, मधे चाळीस, उजवीकडं एकशेचाळीस, ही जागा पाठ होती. तेवढ्यावर दुकान चाललं. थेंब तो अजूनही नाकाशी न्यायचा, पण निदान करायचे डोळे.

गेल्या ईदला दुकानाला चुना दिला. मजुरांनी ड्रम बाहेर काढले आणि संध्याकाळी आत लावून दिले. त्याच आठवड्यात दत्तोबा टोचनच्या गाडीचं तेल न्यायला आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोचरी थंडी होती. हैदरनं दुकान उघडलं आणि डाव्या ड्रममध्ये सळई बुडवून वर धरली. तेल काकवीसारखं लोंबलं, तुटेना. उजव्या ड्रमातलं भराभर ठिबकून गेलं. उन्हाळ्यात दोन्ही सारखीच पातळ वाटतात. थंडीनं खरं सांगितलं.

म्हणजे ड्रमांची अदलाबदल होऊन हौसिंगचं तेल गिअरबॉक्समध्ये गेलं होतं. त्यातलं ते उग्र औषध आतल्या पितळेच्या कड्या खातं. सात-आठ महिने खात राहिलं असणार. आणखी कुणाकुणाच्या गाडीत ते गेलं, हे आठवायला हैदर स्टुलावर बसला आणि एकेक नाव जमू लागलं तसा उठून उभा राहिला.

घरी जाऊन त्यानं बायकोला, शमशादला सांगितलं. वासाचंही सांगितलं.

“मला म्हायतीय,” ती भाकरी थापता थापता म्हणाली. “दूध करपून घरभर धूर झाला, आन तुमी चुलीपाशी बसून पेपर वाचत हुता. चार वर्सं झाली त्याला.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमीच मटणाचा वास घिऊन वा-वा म्हणायचा. मी कशाला मोडता घालू?” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “जावा. त्या मानसाचं काम गेलंय.”

हैदरनं दत्तोबाला स्कूटरवर मागं बसवलं. कुठं चाललोय ते सांगितलं नाही.

हायवेच्या कडेला युवराजचं गॅरेज. युवराज, त्याचे तीन मेकॅनिक आणि मधोमध पोट उघडं पडलेली टोचनची गाडी. हैदरनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

युवराज हसला. “चाचा, तुमी दोघं एका ताटात जेवता हे सगळ्या इंदापूरला म्हायतीय. पन दोस्तीपायी सवताचं नाव बुडवता व्हय?”

“खरं सांगतोय. ड्रम बघायला चल.”

“ड्रम काय, सकाळी हलवलं असतील तुमी.”

“मला वासच येत न्हाय, युवराज.”

आता मेकॅनिकही हसले. एक म्हणाला, “आवो, गेल्या म्हैन्यात माज्या जीपचं तेल हुंगून पानी सांगितलंत की!”

“दुधागत पांढरं झालं व्हतं ते. हुंगायचं नाटक केलं मी.”

“भाई, चला घरी,” दत्तोबानं त्याची बाही ओढली. “मला काय दुसरं काम मिळंल. उगं आपली शोभा...”

हैदरनं बाही सोडवली. डोळे मिटले. हात पाठीमागं बांधले. “आना. कंचंबी तेल आना नाकाशी.”

कुणीतरी वाटी आणली.

“एकशेचाळीस,” हैदर म्हणाला.

टाळ्या पडल्या. “बघा! म्हणं वास येत न्हाय!”

हैदरच्या कपाळावर भर थंडीत घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला चुकायचं होतं आणि नेमकं तेच जमलं नव्हतं. “अंदाजानं बोललो रं. पुन्यांदा आना. आनताना काय सांगू नका.”

पावलं लांब गेली, परत आली. नाकाखाली काहीतरी थंड टेकलं. हैदरनं छाती भरून श्वास घेतला, जसा तो दुकानात चार लोकांसमोर घ्यायचा. आत नुसती हवा गेली.

“नव्वद,” तो म्हणाला. “गिअरबॉक्सचं. चांगलं तेल हाय.”

टाळी पडली नाही. हायवेवरून एक ट्रक गेला, त्याच्या मागून दुसरा. नाकाखालचं थंड काढून घेतलं गेलं.

“दत्तोबा,” युवराज घसा खाकरून म्हणाला, “हात बरा झाला की या कामावर.”

हैदर तसाच उभा होता. “काय व्हतं रं त्यात?”

कुणाचं तरी पाऊल मागं सरलं.

“नव्वदच व्हतं, भाई,” दत्तोबा म्हणाला.

हैदरनं डोळे उघडले. युवराज पाठमोरा होऊन फिनेलच्या बाटलीला झाकण लावत होता. आटे बसत नव्हते. मेकॅनिक आपापल्या पायांकडं बघत होते.

“मग बराबर सांगितलं की मी,” हैदर म्हणाला.

“व्हय,” दत्तोबा म्हणाला. “बराबर सांगितलं.”