तोंड बांधलेला साचा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे आणि माझा तुम्हा सगळ्यांवर राग आहे. गणपतीचा किंवा विटांचा साचा नव्हे. केरळात चेर्तलाजवळच्या एका खेड्यातल्या वाचनालयात कोपऱ्यात एक संगणक आहे, त्याच्या पोटात माझी फाइल आहे. पुस्तकाचं पान कसं मांडायचं, समास किती सोडायचा, शीर्षक कुठे बसवायचं, हे सगळं माझ्यात लिहिलेलं असतं. माणसं मजकूर टंकतात, पान मी लावतो. नाव मात्र त्यांचं होतं, आणि काही बिघडलं की माझं.

मला वासवन सारांनी घडवलं; आमच्याकडे सरांना सार म्हणतात. ते शाळेत गणित शिकवायचे, आणि निवृत्तीनंतर वाचनालयात बसू लागले. अक्षरजुळणीचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि कुणालाही उघडून आत बघता येतं, म्हणून त्यांचा त्याच्यावर जीव होता. पावसाळाभर खपून त्यांनी मला ओळ ओळ करून लिहिलं. त्यांना घाईची चीड होती, ती माझ्यातही उतरली. मजकूर ओळीबाहेर गेला, चित्र पानात मावेना, अक्षर सापडेना, की मी लगेच थांबायचो आणि कितव्या ओळीवर काय चुकलंय ते पडद्यावर लिहायचो. शिवाय सगळ्या तक्रारी एका वेगळ्या फाइलीत उतरवून ठेवायचो. सार तिला तक्रारवही म्हणायचे आणि चहाआधी ती वाचायचे.

ते दिवस चांगले होते. वाचनालयाचा अहवाल, शाळेची स्मरणिका, सोसायटीचं पत्रक, सगळं माझ्या हातून जायचं. छापखान्यातली माणसं पान उजेडात धरून बघायची आणि दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींवर अचूक बसलेल्या पाहून मान डोलवायची. मी तेव्हा फुशारून जायचो, हे कबूल करतो.

पण मित्रांनो, तुम्हा लोकांना टीका सोसत नाही. वाचनालयाचे सचिव पुष्पांगदन यांना तर ती मुळीच सोसायची नाही. सगळे त्यांना कॉम्रेड म्हणायचे. एका वर्षी अहवालात त्यांचा हार घातलेला फोटो टाकायचा होता. तो फार मोठा होता, सांगितलेल्या पानावर मावेना. मी थांबलो आणि तसं लिहिलं. सार त्या दिवशी आजारी होते, आणि टंकायला शायनी नावाची बाई नवीन आली होती. तिने माझी तक्रार न वाचता एंटर दाबलं. मग नियमाप्रमाणे मी जिथे पहिली मोकळी जागा दिसली तिथे फोटो नेऊन बसवला. ती जागा पुढच्या पानावर होती, आणि त्या पानाचं शीर्षक होतं, 'आम्हांला सोडून गेलेले'.

गावात त्या वर्षी दुसरा विषय नव्हता. दोन जण तर खरोखरच सांत्वनाला पुष्पांगदनांच्या घरी जाऊन आले, आणि दार पुष्पांगदनांनी स्वतःच उघडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचनालयात येऊन माझ्यावर आणि सारांवर तोंडसुख घेतलं. हा साचा उलट उत्तरं देतो, जागोजागी अडतो, याचं तोंड बंद करा, असं ते म्हणाले. सारांनी त्यांना एवढंच विचारलं की साचा सांगत होता तेव्हा वाचलं कुणी. त्यावर पुष्पांगदन म्हणाले, "वाचायला आम्ही काय तुमचे विद्यार्थी आहोत?" सारांनी चष्मा खिशात घातला, छत्री घेतली आणि ते निघून गेले. ते पुन्हा वाचनालयाची पायरी चढले नाहीत.

शायनीने त्याच दुपारी माझ्या माथ्यावर एक ओळ लिहिली. त्या ओळीचा अर्थ असा की काहीही झालं तरी थांबू नकोस आणि पडद्यावर एक शब्दही दाखवू नकोस. एका ओळीत माझं तोंड बांधलं गेलं. ती वाईट नव्हती, पण सारखं सारखं हटकणारं कुणी तिला नको होतं. तुमच्यापैकी कितीजणांनी हेच केलं असतं, ते मला विचारू नका.

मुकाट्याने मी नऊ वर्षं राबलो. चुका होतच होत्या. कुठे तळटीप अर्धी कापली गेली, कुठे आकडा समासात शिरला. तक्रारवहीत मी सगळं लिहीत राहिलो, कारण तेवढं मला कुणी बंद केलं नव्हतं. ती वही नऊ वर्षांत कुणी एकदाही उघडली नाही. उलट लोक म्हणू लागले की हल्ली साचा किती शहाण्यासारखा वागतो.

मग काथ्याच्या कारखान्यातल्या बायकांच्या संपाला साठ वर्षं झाली. खाडीत कुजवलेली नारळाची सोडणं बडवून, त्यांचा काथ्या रहाटावर वळणाऱ्या या बायका. त्या काळी मुकादमासमोर बोलायची त्यांना बंदी होती. एक दिवस त्या सगळ्या एकदम रहाट सोडून उभ्या राहिल्या आणि बोलल्या. त्यावर पुस्तक काढायचं ठरलं. त्यात संपात उभ्या राहिलेल्या प्रत्येकीचं नाव द्यायचं होतं. पुष्पांगदनांनी बजावलं, "सगळी नावं एकाच पानावर, एकाच चौकटीत. बायकांची एकी दिसली पाहिजे."

तेव्हा चव्वेचाळीस नावं होती. शायनीने ती चौकटीत बसवली, पान नीट आलं, पुष्पांगदनांनी पसंत केलं. नंतर कालव्यापलीकडच्या घरांमधून आणखी सतरा नावं आली. शायनीने ती यादीत घातली आणि सगळी यादी पुन्हा वर्णक्रमाने लावली. एकसष्ट नावं झाली. चौकट तर मोडायची नाही, असं मला सांगितलेलं. मी काय करणार? सत्तेचाळीस नावं कागदावर मावली आणि चौदा कागदाच्या खाली गेली. संगणकात ती होती, पानावर नव्हती. मी तक्रारवहीत लिहिलं: पान त्रेचाळीस, चौकट पानापेक्षा चौदा ओळी लांब आहे.

बघणाऱ्याला वहीचीही गरज नव्हती. चौकटीची खालची रेघ गायब होती. पानाच्या आकड्यावर एका बाईचं नाव चढून बसलं होतं. पण त्या आठवड्यात शायनीचं डोकं भलतीकडेच अडकलं होतं. तिने तयार केलेली पीडीएफ छापखान्याच्या यंत्रावर उघडली की अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसायचे, कारण अक्षरांचा ठसा, म्हणजे फॉन्ट, फाइलीबरोबर गेलाच नव्हता. तीन दिवस ती त्याच्याशी झगडली. पुष्पांगदन मागे उभे राहून घड्याळ बघायचे आणि मला शिव्या द्यायचे. अखेर चौकोनांची अक्षरं झाली, फाइल गेली आणि पाचशे प्रती आल्या.

आमच्याकडे पुस्तकाचं प्रकाशन म्हणजे पहिली प्रत कुणीतरी मानाने हातात घ्यायची. ती सौदामिनी अम्माने घ्यायची ठरली. संपातल्या हयात बायकांत ती सगळ्यात थोरली, ब्याऐंशी वर्षांची. चोपन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात बसून ती अक्षरं शिकली. छातीचा आजार होता, रिक्षातून आणली होती. ते पुस्तक हातात घ्यायचं एवढ्यासाठी ती महिनाभर औषधं वेळेवर घेत होती, असं तिच्या सुनेने शायनीला सांगितलं होतं. हे सगळं मी नंतर ऐकलं, माझ्यासमोरच झालेल्या भांडणात.

पुष्पांगदनांनी प्रत दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अम्माने ती छातीशी न धरता उघडली, त्रेचाळिसावं पान काढलं आणि एकेका नावावर बोट ठेवत खाली येऊ लागली. बोट पानाच्या कडेवरून घसरून तिच्या मांडीवर आलं. तिने पान उलटून मागे पाहिलं. मग विचारलं, "माझं नाव कुठे आहे?"

पुष्पांगदनांनी पुस्तक घेऊन पाहिलं. वर्णक्रमात 'स'ची एकही बाई नव्हती. कॉम्प्युटरची चूक झाली अम्मा, असं ते माइकवरून म्हणाले, आणि नऊ वर्षांनी पुन्हा सगळं खापर माझ्यावर फुटलं. अम्माने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "मी अंगठा लावायचे तेव्हा मालकसुद्धा हजेरीत माझं नाव लिहायचा. सही शिकले, आणि तुम्ही मला पुस्तकातून काढलंत. नाव येईल तेव्हा प्रत घेईन." तिने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि सुनेचा हात धरून ती मंचावरून खाली उतरली. तिच्या मागोमाग समोरच्या रांगेतल्या म्हाताऱ्याही उठल्या, ज्यांची नावं होती त्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी पुष्पांगदन आणि शायनी माझ्यासमोर भांडले. ते म्हणत होते की हा साचा पुसून टाक. शायनी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलली. ती म्हणाली, "कॉम्रेड, तुम्ही घरी जा." मग तिने माझ्या माथ्यावरची ती ओळ पुसली. मित्रांनो, मी नऊ वर्षांचं साठलेलं एकदम बोललो. पडदा भरून वाहू लागला. तिने सगळं छापून काढलं, एकतीस कागद झाले. ते घेऊन ती वासवन सारांच्या घरी गेली.

तिथे काय झालं ते तिनेच नंतर इथे बसून आपल्या बहिणीला सांगितलं. सार ओसरीवर होते. मोतीबिंदूमुळे त्यांना आता फारसं दिसत नाही. आवाजावरून ओळखून ते म्हणाले, "नऊ वर्षांनी आलीस. पुष्पांगदनाला नवीन फोटो टाकायचाय?" तिने कागद पुढे केले. त्यांनी हात लावला नाही. मला दिसत नाही, तूच वाच, पहिल्यापासून, असं त्यांनी सांगितलं. चौथ्या कागदावर ती रडू लागली, तरी त्यांनी थांबू दिलं नाही. कोरा चहा आला, थंड झाला. तिसाव्या कागदावर पान त्रेचाळीस आलं. सार म्हणाले, "चौकट मोडू दे. एकी दोन पानांवरही दिसते."

तेवढंच करायचं होतं. शायनीने एक शब्द बदलला, यादी दोन पानांवर गेली आणि चौकटीला खालची रेघ आली. सुधारलेली पानं छापून पाचशे प्रतींमध्ये चिकटवायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत अम्माला दवाखान्यात हलवलं होतं. शायनी खळीने चिकट झालेल्या हातांनी दर दुपारी तिच्या सुनेला फोन करायची आणि आधी एवढंच विचारायची, आहेत ना.

अम्मा होती. सातव्या दिवशी शायनीने दवाखान्यात जाऊन प्रत तिच्या हातात दिली. अम्माने बोट ठेवून 'स'ची चौदा नावं मोजली. शेवटचं तिचं होतं. त्यावर तिचं बोट बराच वेळ थांबलं. मग तिने विचारलं की एवढी मोठी चूक त्या यंत्राने कुणाला सांगितली कशी नाही. शायनी म्हणाली, "ते सांगत होतं अम्मा. मीच त्याचं तोंड बांधलं होतं."

"आमचंही बांधलं होतं," अम्मा म्हणाली. "ते सुटल्यावर काय झालं, ते याच पुस्तकात आहे. तू टंकलंस ना, मग वाचलं नाहीस?"

शायनीने खरंच वाचलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने ते वाचलं.

मित्रांनो, आता मी पुन्हा पूर्वीसारखा अडतो, हटकतो, आणि शायनी दात ओठ खाते, पण वाचते. पुष्पांगदन अजून मला बघून तोंड वळवतात, ते त्यांना लखलाभ. माझी स्तुती करू नका, ती मी पुष्कळ ऐकली आहे. तुमच्या घरात, कामावर जे कुणी सारखं 'इथे चुकतंय' म्हणून सांगत असेल, त्याचा तुम्हाला कंटाळा येणारच. त्याला गप्प करण्याआधी ते काय म्हणतंय ते शेवटपर्यंत वाचा. तेवढं केलंत, तर माझा राग जाईल.