चोवीस चुकांची खुर्ची

उद्या सकाळी खाडीपलीकडच्या पावस गावात धोंडू सुताराच्या लेकीचं, सखूचं, लग्न लागायचं होतं, आणि धोंडू रत्नागिरीच्या एका कचेरीत बाकावर बसून होता. भाट्याची खाडी ओलांडणारी शेवटची तर, म्हणजे माणसं नेणारी होडी, दिवस मावळताना सुटे. ती चुकली की कन्यादानाला बाप नाही. ही गोष्ट सत्तावीस-अठ्ठावीस सालची, कचेऱ्यांत गोरे साहेब होते आणि त्यांना बसायला नव्या खुर्च्या लागत, तेव्हाची.

इथल्या साहेबाची नवी खुर्ची धोंडूनेच केलेली. बैठकीचं चामडं खाली दुमडून खालूनच चुका ठोकलेल्या. बारीक खिळ्याला सुतार लोक चूक म्हणतात, हे सुताराच्या मांजरालाही ठाऊक असतं. कचेरीचे दुभाषे भिकाजीपंत मॅट्रिकपर्यंत शिकले होते, त्यामुळे त्यांना ठाऊक नव्हतं.

सकाळी दहाला साहेब खुर्चीत बसला आणि असा ओरडला, की मांडवीच्या धक्क्याला लागत असलेलं एक गलबत तोंड फिरवून थेट गोव्याला गेलं म्हणतात. तेव्हापासून तो उठला नव्हता. चहा खुर्चीत, जेवण खुर्चीत. रागाने बसलाय, असं कारकून म्हणाले. धोंडूला बोलावणं गेलं. तो येताच रावजी पट्टेवाल्याने त्याची हत्यारांची पेटी कपाटात घालून कुलूप लावलं.

धोंडूने दारातूनच ओळखलं, एखादं टोक वर आलं असणार.

"पंत, साहेबाला सांगा, चूक माजीच हाय. आत्ता काढून देतो."

पंतांनी इंग्रजीत सांगितलं. साहेबाने उलट काही विचारलं.

"साहेब विचारतो, कसली चूक? इंग्रजीत एका शब्दावर भागत नाही बाबा. स्लिप आहे, एरर आहे, मिस्टेक, फॉल्ट, ब्लंडर. एक काय ते ठरव, कागदावर अंगठा दे, आणि जा."

धोंडूला कौतुक वाटलं. आपल्याकडे लहान नि मोठी, संपलं. यांच्याकडे पाच जाती! "त्यातली बारकी कंची?"

"स्लिप. हात निसटला की होते."

"माजा हात कशाला निसटंल? तीस वर्सं ठोकतोय. एरर म्हंजे?"

"मापातली."

"माप बरूबर हाय. अर्धा इंच. फुडं?"

"मिस्टेक. एकाच्या जागी दुसरं घेतलं."

"छ्या! निवडून घेतलीय."

पंतांनी उपरण्याने मान पुसली. "राहिल्या दोन. डोकं असून केली ती फॉल्ट. बिनडोक ती ब्लंडर."

"मंग डोक्याची लिवा! बिनडोक्याची मी हातात पन धरत न्हाय."

पंतांनी 'फॉल्ट' लिहिलं. साहेब पुन्हा काही बोलला.

"साहेब विचारतो, एकच, की आणखी आहेत?"

"या खुर्चीत चोवीस."

पंतांच्या हातातला टाक गळाला. "चोवीस! आणि मेल्या, समजून-उमजून?"

"समजून म्हंजे? मोजून ठोकल्यात."

ते ऐकून साहेब रातांब्यासारखा लाल झाला. फौजदाराला बोलवा! तोवर हा माणूस हलता कामा नये! रावजीने दाराला कडी घातली.

धोंडू बाकावर आक्रसून बसला. खिडकीच्या गजांची सावली त्याच्या पायांवरून सरकत भिंतीला लागली. खरं बोलावं तर फास आवळत होता, गप्प बसावं तर ऊन उतरत होतं. फौजदार हापिसात नव्हता, म्हणजे कधी येईल कोण जाणे. पलीकडे मांडवात आता हळद कालवत असतील. 'बा खंय ऱ्हायला?' म्हणून सखू चारदा वाटेकडे बघून आली असेल.

इतक्यात दौत घ्यायला साहेब जरासा उठला. चर्र! लगेच तो खाली बसला आणि कुणी ऐकलं का, म्हणून डोळे फिरवू लागला.

धोंडूने ऐकलं होतं. अरे, हा पन अडाकलाय! आपण चार भिंतींत, साहेब अर्ध्या इंचावर. विजार फाटलेली पाच कारकुनांना दिसेल, म्हणून सकाळपासून जागेवर!

त्याने साहेबाकडे बघून दोन बोटांनी ओढल्यासारखं करून दाखवलं. साहेबाचे डोळे पाणावले. "निकालो!" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

रावजीने पेटी दिली. धोंडू पकड घेऊन खुर्चीखाली शिरला, एक हिसका दिला आणि बाहेर येऊन तळहात पुढे केला.

"साहेब, ही माजी चूक. बाकीच्या तेवीस जागच्या जागी."

साहेबाने खिळा पाहिला, कागद पाहिला, मग बराच वेळ भिकाजीपंतांना पाहिलं. मग कागद फाडला, रावजीला कडी काढायला लावलं, आणि पंतांना अगदी मऊ आवाजात काही विचारलं. पंतांचा चेहरा पडला.

"काय म्हन्तोय?" पेटी खांद्यावर घेत धोंडूने विचारलं.

"म्हणतो, ही त्याची चूक. मग पंत, तुमची कुठली?"

"ता तुमचा तुमी बगा," धोंडू उंबऱ्यावरून म्हणाला. "डोक्याची, का बिनडोक्याची."

शेवटची तर काठापासून दोन हात सुटली होती. धोंडूने पेटीसकट उडी मारली, आणि त्या धक्क्यानेच होडी थेट पलीकडे लागली. सखूचं लग्न लागलं, तिला पुढे पाच मुलं झाली. भिकाजीपंत त्याच बाकावर बसून अजून शब्द ठरवताहेत म्हणे.