तोकुजीच्या वाटचं भजं

पितरांपुढे कांदा ठेवायचा नाही, हा नियम ज्याने केला तो जपानमधल्या ह्या आवाजी बेटावरचा नसणार, एवढं यासुएला पक्कं ठाऊक होतं. इथली माणसं कांदा लावतात, कांदा खातात, कांद्यावर मुलांची शिक्षणं करतात, आणि मेली की त्यांच्यापुढे काय, तर भोपळा आणि वांगं! तिचा नवरा तोकुजी जन्मभर कांदे लावत आला. तो गेल्यानंतरचा हा पहिला बोन, म्हणजे पितरांचा सण, आणि आज सणाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी दारात निरोपाचा विस्तव पेटला की घरी आलेले पितर परत जाणार, त्यांच्याबरोबर तोही जाणार. त्याआधी यासुएला त्याला कांद्याचं एक भजं खाऊ घालायचं होतं. एकच.

अडचणही एकच होती आणि ती आत देव्हाऱ्याच्या कपाटापुढे पंख्याने वारा घेत बसली होती. हिसानो, तोकुजीची थोरली बहीण. ऐंशी कधीच ओलांडलेली, कमरेत वाकलेली, पण जिभेला अजून बाक आलेला नव्हता.

"वन्सं, एक विचारू?"

"कांदा सोडून काहीही विचार."

"मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही."

"सकाळी कोठीतून कांदे उतरवत होतीस ते बघितलंय मी. डोळे शाबूत आहेत माझे. अगं, गावात काय म्हणतील? तोकुजीच्या बायकोने बुद्धापुढे कांदा ठेवला!"

"बुद्धाला नाही हो. ह्यांना ठेवते."

"दोघं एकाच कपाटात बसलेत. वास काय वाटून घेणार आहेत?"

यासुएला हसूही आलं आणि रागही आला. "बरं, मग आपल्या दोघींपुरती तळते," ती म्हणाली. "तळ की, नको कोण म्हणतंय," हिसानो म्हणाली आणि पुन्हा वारा घेऊ लागली.

स्वयंपाकघरात येऊन यासुएने कांदा चिरायला घेतला. ही रोपं तोकुजीने लावली होती, गेल्या हिवाळ्यात, बोटं बधिर करणाऱ्या गारठ्यात. काढली मात्र तिने, शेजाऱ्यांना हाताशी घेऊन, आणि कोठीत जुड्या बांधून टांगलीही तिनेच. कोवळ्या कांद्याला पाणी सुटतं, भजी करायची तर टांगून वाळलेल्या कांद्याचीच, असं तो नेहमी सांगायचा. यंदाचा कांदा चांगला वाळला होता. साल कशी पटकन सुटत होती.

डॉक्टरांनी तेल कमी करा म्हटलं होतं. 'कमी'चं 'बंद' यासुएने केलं. नवऱ्याचं हृदय अधू, तिच्या जिवाला घोर. तिला वाटलं, आपण त्याला जपतोय. वर्षअखेरीला घरोघर कुट्टूच्या पिठाच्या शेवया रश्शात खातात, आणि वर कांद्याचं कुरकुरीत काकिआगे, जाळीदार भजं, तळहाताएवढं. गेल्या वर्षअखेरच्या संध्याकाळी तोकुजीने वाडग्यात बराच वेळ बघितलं.

"यासुए, ह्यात काहीतरी राहिलंय."

"राहिलं नाही, ठेवलंय. पुढच्या वर्षी करीन. आधी बरे व्हा."

"पुढच्या वर्षाचं बोललं की राक्षस हसतात म्हणे," तो म्हणाला आणि मुकाट्याने शेवया ओढू लागला. तेव्हा तीही हसली होती. फेब्रुवारीत तो गेला. त्या हसण्याची तिला आजही लाज वाटायची.

पहिलं भजं तेलात फिसकटलं. कांद्याचे दोरे होऊन कढईभर पांगले, कारण हात सवय विसरला होता. चिरलेल्या कांद्याला आधी कोरडं पीठ चोळायचंच राहिलं. दुसऱ्या खेपेला तिने पीठ चोळलं, बर्फाच्या पाण्यात कालवलेलं पीठ वरून जेमतेम ओतलं, गुठळ्या तशाच ठेवल्या, आणि पसरट पळीवरून घाणा अलगद तेलात सोडला. मधोमध काडीने भोक पाडलं. तेल आधी जोरात फसफसलं, मग बारीक तडतडू लागलं, आणि घरभर गोडसर वास सुटला.

वासाने हिसानो भिंत धरत दारात आली. कढईत डोकावली.

"जानेवारीत आला होता तो माझ्याकडे," ती म्हणाली. "छोटा ट्रक घेऊन. म्हणाला, ताई, कांद्याचं भजं कर ना गं एखादं. यासुए ऐकत नाही."

यासुएच्या हातातली काडी थांबली. हो म्हणा, वन्सं. मला न सांगता खाऊ घातलं म्हणा. मी जळेन, भांडेन, पण हो म्हणा.

"मग?"

"मग काय! हाकलला. म्हटलं, बायको जिवापाड जपते आणि तू चोरून खायला हिंडतोस? वर ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, हेही ऐकवलं. चहा प्यायला आणि गेला बिचारा."

यासुएने भजं निथळून कागदावर काढलं.

"देव्हाऱ्यात नाही म्हणजे नाही," हिसानो म्हणाली. "पण तो काय दिवसभर कपाटात बसून राहणारा माणूस आहे? भजं कुठे बसून खायचा?"

"बसायचा कुठे? इथेच, चुलीशी उभं राहून. ताटात पडेपर्यंत मऊ होतं म्हणायचा."

"मग ठेव इथेच."

यासुएने कागद ओट्याच्या कडेला सरकवला, बाजूला चिमूटभर मीठ ठेवलं. तो रश्शात बुडवायचा नाही, मीठच लावायचा. हिसानोने रिकाम्या जागेकडे बघून, लहान भावाला दटावतात तसं दटावलं, "खा रे. गार होतंय."

ते ऐकून यासुएला रडू फुटलं. कांदा चिरताना एक थेंब आला नव्हता. आता पदर नाही, रुमाल नाही, पिठाच्या हातांनीच ती डोळे पुसू लागली. एक भजं. एका भज्याने काय झालं असतं? गेलाच असता, तर खाऊन गेला असता.

"बैल गेला आणि झोपा केला," हिसानो पुटपुटली. "आणि तोही दोघींनी मिळून." मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "उगी. पुढच्या बोनला आपण दोघी आधीपासून..."

"पुढच्या वर्षाचं नका बोलू, वन्सं."

यासुएने आच मोठी केली, आणखी एक घाणा सोडला, उलटला, काढला आणि मीठ लावून थेट हिसानोच्या हातात दिला.

"खा. उभ्यानेच खा. आत्ता."

"अगं, चटका बसतोय!"

"बसू दे."

म्हातारीने वाकलेली कंबर ओट्याला टेकवली आणि चावा घेतला. कुर्र आवाज झाला. कडेच्या कागदावरचं तोकुजीचं भजं तोवर मऊ पडलं होतं.